वापरकर्त्याचं समाधान

माझं शिड्यांचं दुकान आहे. एवढं सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो आणि विचारतो, "नुसत्या शिड्याच?" त्या 'नुसत्या'मध्ये जी कीव भरलेली असते ती मला आता पाठ झाली आहे. सोनाराला कोणी "नुसतं सोनंच?" असं विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण ते जाऊ द्या. होय, नुसत्या शिड्याच. लाकडाच्या, बांबूच्या, सरळ, घडीच्या, माळ्यावर चढायच्या, रंगाऱ्याच्या, वायरमनच्या. माझ्या हातच्या शिडीवरून आजवर कोणी पडलेलं नाही. निदान पडून परत भांडायला कोणी आलेलं नाही.

अलीकडे मात्र भांडायचं सोडा, विकत घ्यायलाही कोणी येईना. मोठ्या दुकानांत अॅल्युमिनियमच्या हलक्या शिड्या मिळायला लागल्या. त्या म्हणे घडी करून पलंगाखाली सरकवता येतात. माझी शिडी पलंगाखाली सरकवायची तर आधी पलंग घराबाहेर काढावा लागतो. त्यामुळे मी दिवसभर दुकानात बसून मालावरची धूळ झटकायचो, आणि वरची धूळ झटकायला शिडी लागायची, एवढाच काय तो धंद्याशी संबंध उरला होता.

अशा वेळी मेहुणे येतात. माझाही आला. बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं फरशांचं मोठं दुकान आहे. आत पाऊल टाकलं की आपलाच चेहरा आपल्या पायाखाली दिसतो, आणि मला तरी तो दर वेळी जरा पडलेलाच दिसतो.

"भावोजी, राग मानू नका," तो म्हणाला. या वाक्याने सुरुवात करणारा माणूस आपल्याला राग आल्याशिवाय उठत नाही. "दुकान बंद करा. माझ्याकडे गल्ल्यावर बसा. एसी आहे, दोन वेळचा चहा आहे. घरचा माणूस गल्ल्यावर असला की मलाही बरं."

बायकोने चहाचा कप टेबलावर आपटला. तो त्याच्यासाठी आपटला की माझ्यासाठी, हे मला आजही कळलेलं नाही.

आता अशा वेळी शहाण्या माणसाने "बघू" म्हणून विषय संपवावा. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मला कुठे वेळ आहे? मी सरकारी कामाच्या मागे आहे."

"सरकारी? शिड्यांचं?"

"मग काय तर! सरकारला काय वर चढावं लागत नाही?"

मेहुणा हसला नाही. हसला असता तर परवडलं असतं. तो समजूतदारपणे म्हणाला, "ठीक आहे. वर्षअखेरपर्यंत बघा. मिळालं तर मी सगळ्यांना पेढे देईन. नाही मिळालं तर गल्ला तुमचाच."

तो गेल्यावर बायकोने विचारलं, "कुठलं सरकारी काम?"

"तेच शोधायचं आहे," मी म्हणालो.

आमच्या आणि शेजारच्या घरामधली भिंत इतकी पातळ आहे की पलीकडे पान उलटलं तरी इकडे गोष्ट कळते. पलीकडे निवृत्त हेडक्लार्क राहतात. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण गल्ली त्यांना अजून हेडक्लार्कच म्हणते आणि तेही गल्लीला अजून 'अर्जदार' समजतात. ते दार न वाजवता आत आले आणि खुर्ची ओढून बसले.

"योग्य निर्णय घेतलात," ते म्हणाले. "सरकार म्हणजे काय एक माणूस आहे? शाळा आहेत, दवाखाने आहेत, वाचनालयं आहेत, दिवाबत्ती आहे. प्रत्येकाला कुठे ना कुठे चढायचं असतं. आपण फक्त कोणाला कधी चढायचं आहे एवढं शोधून काढायचं. सगळं आता संकेतस्थळावर असतं. नोंदणी करायची, आपल्या मालाचा प्रकार निवडायचा, की निविदा आपोआप घरी येतात."

'आपोआप' हा शब्द मी पुढे बरेच दिवस आठवत होतो.

आमच्या घरात संगणक बायको चालवते. मला तो ओळखत नाही. तिने सरकारी संकेतस्थळ उघडलं, शोधायच्या चौकटीत 'शिडी' असं लिहिलं आणि बटण दाबलं. बराच वेळ एक गोल फिरत राहिला. मग उत्तर आलं: एकही नोंद सापडली नाही.

"बघा," मी म्हणालो. "सरकारला चढायचंच नाहीये."

हेडक्लार्क इतके मोकळेपणाने हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. "अहो, सरकार शिडीला शिडी कसं म्हणेल? शिडी तुम्ही आम्ही म्हणायची. झाडूला आम्ही काय म्हणायचो माहीत आहे? हस्तचलित स्वच्छता साधन. एकदा नवीन साहेबांनी 'झाडू' असं लिहिलं तर मंजुरी परत आली, खुलासा करा म्हणून."

मग आम्ही तिघं त्या चौकटीसमोर बसून शिडीची सरकारी नावं पाडू लागलो. सोपान झालं. पायऱ्या झाल्या. 'पायऱ्या' म्हटल्यावर एका इमारतीचा सबंध जिना बांधायचं काम निघालं. 'उंची' म्हटल्यावर पोलीसभरतीची उंची मोजायची पट्टी निघाली. शेवटी बायकोने कंटाळून यादीतला एकेक प्रकार वाचायला घेतला, आणि पंप आणि पंखे यांच्या कुठेतरी मध्ये तिला तो सापडला: 'आरोहण साधने व अनुषंगिक वस्तू'.

आयुष्यभर मी जे बनवत आलो त्याचं नाव असं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. खरं सांगतो, जरा ताठ बसलो.

नोंदणीत एकच घोटाळा झाला, पण तो जन्माचा झाला. मोबाइल नंबर भरायच्या वेळी माझा फोन दुरुस्तीला होता, आणि बायकोने सोय म्हणून आपल्या भावाचा नंबर दिला. संकेतस्थळ दर वेळी आत जाताना एक परवलीचा आकडा पाठवतं, हे आम्हाला कुठे माहीत? नंतर नंबर बदलायला गेलो, तर नंबर बदलायचा परवलीचा आकडाही जुन्याच नंबरवर येत होता आणि तो टाकला की संकेतस्थळ म्हणायचं, आपला नंबर तपासणीखाली आहे. तो अजून तपासणीखालीच आहे. त्यामुळे सरकारच्या दारात पाऊल टाकायचं झालं की मला मेहुण्याला फोन करावा लागायचा. तो भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, मला आकडे ओरडून सांगायचा आणि वर विचारायचा, "मिळालं का काही, भावोजी?" अपमान एकदाच गिळायचा असतो अशी माझी समजूत होती. हा मात्र हप्त्याहप्त्याने चालू होता.

निविदा खरोखर येऊ लागल्या, नाही असं नाही. सरकारने माझं नाव 'आरोहण' या सदरात टाकल्यामुळे आरोहण करणाऱ्या सगळ्या जगाशी माझा संबंध आला. हिमशिखरांवर चढायच्या दोरांची निविदा आली. अग्निशामक दलाला इंजिनावर बसवलेली, आपली आपण उंच होणारी शिडी हवी होती. एका रेल्वे स्थानकाला सरकता जिना हवा होता. हेडक्लार्क प्रत्येक निविदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचायचे, एखादं आवडीचं पुस्तक वाचावं तसं, आणि मध्येच थांबून म्हणायचे, "वा! कलम काय बांधलंय!"

मग एक दिवस खरीखुरी शिडी आली. सरकारी वाचनालयाला उंच कपाटांसाठी लाकडी शिड्या हव्या होत्या. अर्जाबरोबर एक नमुना कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर आणून द्यायचा होता. मी सागवानाची शिडी केली. कडा अशा गुळगुळीत घासल्या की गालावरून फिरवाव्यात. बायकोने नुसता हात फिरवून पाहिला आणि काही बोलली नाही. आमच्या घरात याला कौतुक म्हणतात.

नमुना द्यायच्या दिवशी मी आणि हेडक्लार्क शिडी घेऊन कचेरीत पोचलो. लिफ्ट बंद. लिफ्टमध्ये तशीही ती मावली नसती, पण बंद असल्यामुळे आम्हाला सरकारला दोष देता आला. पहिला मजला सुखरूप गेला. दुसऱ्या मजल्याच्या पुढे जिना वळतो. तिथे आम्ही शिडी वळवली. ती अर्धी वळली आणि थांबली.

"थोडी वर घ्या," हेडक्लार्क खालून म्हणाले.

मी वर घेतली. ती छताला लागली.

"आता जरा खाली."

मी खाली घेतली. ती कठड्यात अडकली. म्हणजे अशी अडकली, की जणू तो जिना बांधताना हीच शिडी मनात धरून बांधला होता.

हळूहळू दोन्ही बाजूंना माणसं जमली. वरच्यांना खाली चहाला जायचं होतं, खालच्यांना वर सह्या करायच्या होत्या. प्रत्येकाने सल्ला दिला. एक जण म्हणाला, आधी आडवी करा. एक जण म्हणाला, तेल लावा. एका साहेबांनी वेळ वाचवण्यासाठी शिडीच्या दोन पायऱ्यांच्या मधून वाकून जायचं ठरवलं. त्यांचं डोकं आणि खांदे पलीकडे गेले, पोटाने मात्र जायला नकार दिला. ते तिथे अडकले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "ही कोणाची?" त्या दिवशी प्रथमच मला माझ्या हातचं काम आपलं म्हणायची लाज वाटली.

शेवटी करवत आणावी लागली. कापायला दुसरं कोणी तयार होईना, तेव्हा मीच कापली. आपण घासून गुळगुळीत केलेलं सागवान आपल्याच हाताने, जिन्यात, साहेबांच्या कमरेच्या अगदी जवळ, सांभाळून कापायचं, हा अनुभव मी वैऱ्यालाही देणार नाही. साहेब सुटले. त्यांनी शर्ट खोचला, आणि जाता जाता म्हणाले, "शिडी मजबूत आहे हो." आम्ही दोन तुकडे घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा नमुना घ्यायची वेळ टळून गेली होती.

खिडकीमागे एक बाई होत्या. गळ्यात चष्म्याची साखळी, हातात शिक्का, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोन्ही तुकड्यांकडे पाहिलं.

"जिन्यातला गोंधळ तुमचाच का?"

"हो."

"वेळ संपली."

"जिन्यातच संपली," मी म्हणालो.

त्यांनी खिडकी बंद करायला हात वर केला आणि का कोण जाणे, थांबल्या. "तुम्ही नुसत्या शिड्याच करता?" त्यांच्या 'नुसत्या'त कीव नव्हती, म्हणून मी मान हलवली. "मग संकेतस्थळावरच्या मोठ्या निविदांमागे कशाला धावताय? तिथे सगळेच धावतात. जी कामं कोणालाच नको असतात ती बघा. त्या फलकावर जा. एक सूचना दोनदा काढली, कोणी भरली नाही. आता तिसऱ्यांदा लावलीय. तुमच्याच सदरातली आहे."

फलक व्हरांड्याच्या टोकाला, अग्निशामक बादलीच्या मागे होता. मी बादली सरकवून वाचलं. प्राणिबागेस आरोहण साधन एक नग पुरवून बसवून देणे. ठिकाण: माकडांचा पिंजरा.

हेडक्लार्कांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शासनाला सगळे सारखेच," ते म्हणाले. सांत्वन करायची त्यांची ती पद्धत असावी.

घरी ही बातमी मी हळू आवाजात सांगितली. पण अर्ज संकेतस्थळावरूनच भरायचा होता, त्याला परवलीचा आकडा लागला आणि तो मेहुण्याकडे होता. त्याने आकडा सांगितला, कशासाठी ते विचारलं, मी सांगितलं, आणि पलीकडे इतका वेळ काही ऐकूच येईना की मला वाटलं फोन कट झाला. मग त्याच्या दुकानातल्या सगळ्यांचं हसणं एकदम ऐकू आलं.

"भरायचा नसेल तर नका भरू," बायको म्हणाली.

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? वर चढायचं ज्याला जमत नाही त्याच्यासाठी शिडी. आजवर वेगळं काय केलंत?" एवढं बोलून ती पुन्हा पडद्याकडे वळली. "पुढचं कलम वाचा. किती पायऱ्या ते लिहिलेलंच नाही."

तेच विचारायला मी प्राणिबागेत गेलो. माकडांचा रखवालदार माझ्याच वयाचा असावा. जाड मिशा, कपाळाला आठ्या. तो माझ्याशी बोलत होता तरी त्याचं लक्ष पिंजऱ्याकडे होतं.

"किती पायऱ्या हव्यात?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

पिंजऱ्यात उंचावर एक दगडी कट्टा होता. ऊन फक्त तिथेच पडायचं. तरुण माकडं टुणकन उड्या मारून वर जात होती आणि एकमेकांच्या अंगावर लोळत होती. खाली, भिंतीच्या सावलीत, एक म्हातारी माकडीण बसली होती. गुडघे छातीशी घेतलेले, तोंड वर. ती एकटक त्या उन्हाकडे बघत होती.

"आजी," रखवालदार म्हणाला. "सांधे धरलेत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत वर पहिली तीच असायची. आता उडी घेते आणि मध्येच पडते. मी फळी लावून बघितली, घसरली. पोतं टाकलं, त्या पोरट्यांनी फाडलं. म्हणून साहेबांना लिहून दिलं, की काहीतरी करा."

मी आतापर्यंत रंगाऱ्यांची मापं घेतली होती, वायरमनची घेतली होती. माकडिणीचं माप घ्यायची ही पहिलीच वेळ. रखवालदार गजांमधून गाजर वर वर न्यायचा, आजी हात लांबवायची, पाय उचलायची, आणि तिला दुखलं की जिथे थांबायची तिथे मी खूण करायचो. मधूनच ती गाजर सोडून माझ्या टेपकडे बघायची. तिची नजर माझ्या ओळखीची होती. भाव फार सांगतोय असा संशय आलेली गिऱ्हाइकं तशी बघतात.

घरी येऊन मी अर्ज धाडला आणि मंजुरीची वाट न बघता कामाला लागलो. चढ अगदी सौम्य ठेवला. पायऱ्या जवळजवळ घेतल्या, रुंद केल्या, पाय घसरू नये म्हणून प्रत्येकीला सुंभ गुंडाळला. मध्ये एक बसायची फळी दिली, दम लागला तर टेकायला. हेडक्लार्क बघायला आले आणि म्हणाले, "फळी निविदेत नाही."

"गुडघेदुखीही निविदेत नाही," मी म्हणालो.

त्यांनी थोडा विचार केला. त्यांचेही गुडघे दुखतात. "असू द्या," ते म्हणाले. "अनुषंगिक वस्तूंत बसते."

अर्ज एकट्या माझाच आला. त्यावरून नवाच अडथळा निघाला, कारण एकच अर्ज आला तर स्पर्धा कशी झाली, असा प्रश्न साहेबांना पडला. माकडांच्या शिडीसाठी लोक एकमेकांशी स्पर्धा करतील असं त्यांना का वाटलं, देव जाणे. पण हेडक्लार्कांनी रात्रंदिवस ज्याची वाट पाहिली होती तो क्षण हाच होता. ते इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत गेले आणि तिसऱ्यांदा काढलेल्या सूचनेला एकच अर्ज चालतो, हा नियम त्यांनी साहेबांना उभ्याने म्हणून दाखवला. परत आले तेव्हा दहा वर्षांनी तरुण दिसत होते. काम मला मिळालं.

मिळालं, पण पुरं होईना. कारण शेवटी एक कलम होतं, जे हेडक्लार्कांनी वाचताना "वा!" म्हटलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. 'सदर साधनाचा वापर वापरकर्त्याने समितीसमक्ष प्रत्यक्ष करून दाखविल्यानंतरच काम पूर्ण झाल्याचा दाखला देण्यात येईल.' मूळ कलम माणसांसाठी लिहिलं असणार. पण ते इथेही होतं, आणि आमच्या वापरकर्त्याला ते माहीत नव्हतं.

शिडी बसवली त्या दिवशी समिती आली. समिती म्हणजे जिन्यात अडकलेले तेच साहेब, आणि खिडकीतल्या बाई, शिक्क्याची पेटी घेऊन. सुट्टीचा दिवस होता. प्राणिबागेत गर्दी. बायको आली होती, आणि तिने नको म्हटलेलं असूनही मेहुणा सहकुटुंब आला होता. हेडक्लार्क तर दाराशीच उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला प्रकल्पाची माहिती देत होते.

रखवालदाराने तरुण माकडांना आतल्या खोलीत कोंडलं. आजी भिंतीशी बसली होती. तिने शिडीकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

आम्ही थांबलो. रखवालदाराने कट्ट्यावर गाजर ठेवलं. आजीने जमिनीवरचं वाळकं पान उचललं आणि तेच खाल्लं. साहेबांनी घड्याळ बघितलं. "वापरकर्ता वापर करत नाही," ते म्हणाले. "तशी नोंद करावी लागेल."

"अहो, तिला कळत नाहीये," रखवालदार म्हणाला. "कोणीतरी चढून दाखवायला पाहिजे. मी चढलो असतो, पण माझी कंबर..."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं. तिने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

मी पिंजऱ्यात शिरलो. मागे दार लागलं. बाहेरून एक मूल म्हणालं, "आई, हे नवीन आलंय का?" मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि शिडीला हात घातला. माकडिणीच्या मापाच्या पायऱ्यांवर पाऊल मावत नाही, म्हणून मला चार पायांवर चढावं लागलं. गर्दी वाढली. मेहुण्याचा आवाज आला, "जरा इकडे बघा, भावोजी!" तो फोन धरून उभा होता. मी मध्ये फळीवर टेकलो, कारण फळीचाही वापर दाखवणं कर्तव्य होतं. मग वर पोचलो आणि कट्ट्यावर, उन्हात, बसलो.

ऊन खरंच छान होतं. पाठीत मुरत होतं. खाली शे-दीडशे माणसं माझ्याकडे बघत होती. कोणीतरी शेंगदाणा फेकला. माझ्या घराण्यात इतकी उंची कोणी गाठली नसेल आणि इतकी मान खालीही कोणी घातली नसेल.

आणि तेवढ्यात आजी उठली. तिने मला बघितलं. आपल्या जागेवर, आपल्या उन्हात, हा कोण उपटसुंभ बसलाय, असा तो चेहरा होता. ती शिडीपाशी आली. पहिल्या पायरीवर हात ठेवला, दाबून पाहिली. सुंभ हुंगला. मग एक पाय ठेवला. थांबली. दुसरा ठेवला. लोक पुढे सरकून गजांना चिकटले. शेंगदाणा फेकणाऱ्यानेही मूठ मिटली. प्रत्येक पायरी ती आधी हलवून बघत होती आणि प्रत्येक वेळी मी कट्ट्याची कड घट्ट धरत होतो. एवढी भीती मला साहेबांच्या कमरेजवळ करवत चालवतानाही वाटली नव्हती. मधल्या फळीवर ती बसली. दम खाल्ला. गुडघा चोळला, अगदी आपण चोळतो तसा. मग उरलेल्या पायऱ्या चढून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मी हसलो. तिने माझ्या कानाखाली एक लगावली.

फार जोरात नाही. सरक, एवढंच म्हणायचं होतं तिला. मी सरकलो. ती माझ्या जागेवर आडवी झाली, तोंड उन्हाकडे केलं आणि डोळे मिटले.

टाळ्या पडल्या. मी खाली उतरलो तेव्हा मेहुणा गर्दीला सांगत होता, "आमचे भावोजी आहेत. शिड्या बनवतात." नुसत्या म्हणाला नाही. पेढे त्याने दुसऱ्या दिवशी दिले, तोंड वाकडं न करता. बायको माझ्या पाठीवरचा सुंभाचा भुसा झटकत राहिली, तो केव्हाच निघून गेला होता तरी. त्यानंतर मला अस्वलाचं एक काम मिळालं, मग एका शाळेचं, मग त्याच वाचनालयाचं, तळमजल्यावरचं. श्रीमंत झालो नाही, पण गल्ल्यावरही बसलो नाही.

त्या दिवशी मात्र अजून दाखला व्हायचा होता. बाईंनी पिंजऱ्याबाहेरच्या बाकावर कागद पसरला. सगळं भरून झालं आणि त्यांचं पेन शेवटच्या रकान्यापाशी थांबलं. 'वापरकर्त्याची सही अथवा अंगठा. तसे शक्य नसल्यास जवळच्या नातेवाइकाची सही व नाते.'

"हे रिकामं सोडता येत नाही," साहेब म्हणाले.

हेडक्लार्कांनीही प्रथमच हात टेकले. बाईंनी पेन रखवालदारापुढे केलं. त्याने सही केली. मग 'नाते' या शब्दाशी तो अडला. त्याने मिशीवरून हात फिरवला, वर कट्ट्याकडे पाहिलं.

"आली तेव्हा ओंजळीत मावत होती," तो कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. "आई नव्हती तिला. शर्टात घेऊन फिरायचो. बाटलीनं दूध पाजलंय."

आणि खाली वाकून, एकेक अक्षर दाबत, त्याने लिहिलं: वडील.

साहेबांनी तोंड उघडलं. पण बाईंनी चष्मा नाकावर चढवला, तो रकाना वाचला, रखवालदाराच्या आठ्यांकडे पाहिलं, मग माझ्या लाल झालेल्या कानाकडे.

"बापावर गेलीय," त्या म्हणाल्या, आणि शिक्का मारला.